चौथी रजई

टाका ओढला तेव्हा दोऱ्याबरोबर केसही आला. एकच, पण केवढा लांब! दोऱ्याला पीळ घालून बसलेला, इतका घट्ट की दोरा तुटला तरी तो तुटेना. शिवता शिवता कुणाचा तरी गळून सुईबरोबर आत गेला असेल... कुणाचा तरी काय! ही रजई शिवणारी या घरात एकच होती. चारूने तो उजेडात धरला. मनगटापासून खांद्यापर्यंत आला, वर आणखी चार बोटं उरला, आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की बाई गं, काय केस होते हिचे! मग लगेच, का कोण जाणे, तिने तो फुंकरीने उडवला. ओल्या बोटाला चिकटून राहिला तेव्हा अंगणातल्या फरशीवर बोट पुसलं. गेला. तिने पुढचा टाका ओढला.

"बा, आ नानी पण?" करीमभाई पिंजाऱ्याने लहान रजईकडे बोट करून विचारलं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तो जुन्या कापसाच्या ढिगामागे मांडी घालून बसला होता, पिंजण बाजूला टेकवून.

"हो. ती पण. सगळ्या."

सगळ्या. शब्द काही तिचा नव्हता, आत्याबाईंचा होता. आत्याबाई म्हणजे तिची सासू, येसूबाई. काल संध्याकाळी वाती वळता वळता त्या म्हणाल्या होत्या, "थंडी आली गं चारू. उद्या करीमभाई यायचाय. सकाळीच सगळ्या रजया उसवून ठेव, खोळी सोड्यात टाक." सगळ्या म्हणजे सगळ्या. एक आत्याबाईंची, एक नवऱ्याची, जयवंतरावांची, एक तिने स्वतः नवसारीहून माहेरची आणलेली, आणि ही चौथी, लहान. घरात माणसं चार, रजया चार. यात चुकण्यासारखं काय होतं? सुनेने सासूचा शब्द पाळला, संपलं. उलट एक ठेवली असती तर म्हणाल्या असत्या, हिला सांगितलेलं एक काम धड होत नाही...

पण बोटं भराभर चालली होती. पहिल्या तीन रजया उसवताना तिने दोनदा पाठ टेकली होती, मध्ये उठून चूल पाहून आली होती. हिच्या वेळी नाही. हिचे टाके बारीक, जवळजवळ, मन लावून घातलेले, आणि चारू ते एकामागून एक अशी काढत सुटली होती, जणू कुणी बघेल आणि थांबवील. कोण थांबवणार होतं? जयवंतराव सरकारी मोजणीच्या कामावर डभोईला गेलेले, उद्या यायचे. आत्याबाई स्वयंपाकघरात डिंक निवडत बसलेल्या. आणि जिची रजई ती तर शाळेत. बडोद्यात पोरीने शाळेत गेलंच पाहिजे, सरकारचा कायदाच आहे. पाचाला सुटेल. पाच वाजायला पुष्कळ वेळ होता.

खोळ रिकामी झाली. आतला कापूस गोळ्यागोळ्यांचा, पिवळट, मधोमध दबलेला. एक कोपरा मात्र काळपट, चुरगळून मऊ पडलेला. जयवंतरावांची पोर अहल्या रोज झोपताना तो कोपरा मुठीत धरी आणि नाकाशी नेई. चारूने खोळ सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकली, काठीने खाली दाबली. कोपरा वर आला. पुन्हा दाबला.

मग पिंजण वाजू लागलं — टंव्, टंव् — आणि तिला एकदम हायसं वाटलं. आता झालं ते झालं.

कामं का थोडी होती! थंडी यायच्या आधी घर कसं बांधून घ्यावं लागतं. शेगडीला मातीचा हात द्यायचा होता. माजघराच्या उत्तरेकडच्या खिडकीच्या फटी जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी खळ लावून बुजवायच्या होत्या. तिथून वारा आला की आत्याबाईंचे गुडघे धरत. शाली उन्हात टाकायच्या, ट्रंकेत कडुनिंबाचा पाला बदलायचा, कोळशाचं पोतं जिन्याखाली सरकवायचं, ओव्याचं तेल कढवून बाटलीत भरायचं. या घरातला तिचा हा पहिला हिवाळा. तिने मनाशी ठरवलं होतं, असं करून दाखवीन की कुणाला मागच्या वर्षीची आठवण येऊ नये.

मागच्या वर्षी... मागच्या वर्षी इथे कुणी रजया काढल्याच नव्हत्या म्हणे. लढाई संपायच्या सुमाराला ती मानमोडी आली, बडोद्यात घरोघर माणसं तापाने आडवी झाली, आणि या घरातली मथुरा तीन दिवसांत गेली. जयवंतरावांची पहिली बायको. वय सव्वीस. सहा वर्षांची पोर मागे ठेवून. वैशाखात चारू आली. एकोणीस उलटून गेलेलं, नवसारीच्या शाळामास्तरांची घोडनवरी झालेली लेक, बिजवराला दिली. बोहल्यावरून उतरली नाही तोच आत्याबाईंनी तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक घातला, सवतीचा. करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठा, त्यावर कोरलेली बाईची आकृती, नाकडोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. "तिला विसरायचं नाही हं," आत्याबाई म्हणाल्या होत्या, वाईट मनाने नव्हे. "नवं लुगडं आलं, आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. सणाचा घास आधी तिला लावायचा. म्हणजे ती समाधानी राहते, तुझ्या वाटेला जात नाही."

चारू सगळं करी. दिवाळीचं लुगडं टाकाला लावून नेसली. करंजीचा तुकडा टाकाला लावून खाल्ला. मेलेल्या माणसाची भीती तिला नव्हती. वडिलांनी चार बुकं वाचायला शिकवलं होतं. तिला वाटायचं — पण हे कुणाला सांगायचं! — की ही मेलेलीच नाहीये. नुसती शेजारच्या खोलीत आहे. मी जे काही करते ते आधी तिला दाखवून घ्यावं लागतं, आणि तिचं उरलं तर मला.

टंव्, टंव्.

एक वाजता आत्याबाई करीमभाईसाठी चहा घेऊन अंगणात आल्या, आणि दोरीवर टाकलेली ती लहान खोळ त्यांनी पाहिली. चारू तेव्हा ओट्यावर उभी राहून खिडकीला पट्टी चिकटवत होती. पाठीमागे काहीच आवाज झाला नाही, पण तिला कळलं. पाठीला कळतं.

"अगं बाई... ही पोरीची की काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळ्या काढ."

"सगळ्या म्हणजे ती सोडून सगळ्या! हे काय सांगावं लागतं?" आत्याबाईंनी कप तसाच फरशीवर ठेवला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, चारूने तोंडाला तोंड दिलं असतं, दोन टिपं गाळली असती. त्या झोपाळ्यावर बसल्या, खोळीकडे बघत. मग म्हणाल्या, "नवी आहेस. तुला काय माहीत. हे बघ, पोरीला आपण सांगू उंदराने कुरतडली. कापूस बाहेर आला होता म्हणून उसवावी लागली. मी सांगते, माझं खरं मानते ती. तुझं नाव नको त्यात. आत्ता कुठे तुझ्याजवळ यायला लागलीय गं ती..."

"बरं," चारू म्हणाली.

आणि तो शब्द तोंडातून जाताच तिला आठवलं, आज सकाळी हाच शब्द...

नाही. त्याच्या आधी काल. काल काय झालं ते आधी.

सात महिने अहल्या तिच्या शेजारच्या गादीवर झोपत होती आणि सात महिन्यांत तिने चारूला कशानेच हाक मारली नव्हती. आई नाही, काकी नाही, साधं अहो नाही. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राही, इतकंच. रात्री ती रजई डोक्यावरून घेई, ऐन जेठाच्या उकाड्यातसुद्धा, आणि आत काहीतरी बोले. हळू, भराभर, मध्ये थांबून, समोरून उत्तर येतंय अशा बेताने. चारू अंधारात जागी राहून ऐकू पाही. एकदाही शब्द कळला नाही. आणि एकदा — हे तर तिने स्वतःच्या मनालाही धड सांगितलं नव्हतं — पोर आजोळी गेलेली असताना तिने दाराच्या फटीतून पाहिलं होतं, जयवंतराव त्या रजईत तोंड खुपसून बसले होते. पुरुष माणूस. खांदे हलत होते. ती पाय न वाजवता मागे फिरली, आणि जेवताना त्यांनी आमटीत मीठ बरोबर आहे म्हणून सांगितलं.

पण गेल्या पंधरा दिवसांत पोर जरा सैल झाली होती. वेणी घालून घ्यायला आपणहून समोर बसली. पाढे म्हणून दाखवले. आणि काल झोपेत ती वळली, चारूच्या अंगाशी आली, आणि तिचा तो लहानसा ऊन ऊन हात चारूच्या गळ्याशी आला. चारूने श्वास रोखून धरला. देवा, हलू नको देऊ मला, असंच राहू दे! तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिने हात उचलला नाही, इतकं तिला सुख झालं. पहाटेचा उजेड आल्यावर तिने मान वाकवून पाहिलं. अहल्येने मुठीत टाक धरला होता. मंगळसूत्र नाही, चारूचा गळा नाही. टाक. दुसऱ्या मुठीत रजईचा कोपरा.

असं! म्हणजे मी मधली भिंत. दोन्हीकडून तिची आईच, आणि मध्ये मी, ऊब देणारी...

ती उठली, चूल पेटवली. पोरीला न्हाऊ घातलं, डबा बांधला. अहल्या पाटी-दप्तर घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. जवळ येऊन उभी राहिली नेहमीसारखी. आणि पहिल्यांदाच, एकदम एवढं बोलली.

"आज पिंजारा येणार ना? माझी रजई त्याला देऊ नका. उन्हातपण घालू नका. वास जातो."

"कसला वास?"

पोरीने तिच्याकडे नीट पाहिलं. सांगावं की नाही याचा विचार केला, आणि सांगायचं ठरवलं. "आईचा. आजीला सांगितलं तर आजी रडते. म्हणून तुम्हाला सांगतेय."

"बरं," चारू म्हणाली होती.

बरं! काय बोलून गेले मी... त्या पोरीने सगळ्या घरात मला निवडलं, आजीला सोडून, बापाला सोडून मला, आणि मी तिला बरं म्हटलं, आणि ती गल्लीच्या वळणाआड झाली तशी मी आत येऊन आधी तीच रजई काढली. नाही, आधी नाही. आधी बाकीच्या तीन उसवल्या, म्हणजे कुणाला दिसू नये. ती शेवटी ठेवली. सणाच्या ताटात गोडाचा घास ठेवतात तशी शेवटी.

खळीचं भांडं तिच्या हातून निसटलं आणि ओट्यावर सांडलं. तिने पुसलंसुद्धा नाही. ती अंगणात धावली, दोरीवरची लहान खोळ ओढून नाकाशी धरली. सोडा, आणि ऊन. कोपरा शोधला, काळपट डाग गेला होता, कापड कसं स्वच्छ निघालं होतं. तिने मनापासून धुतलं होतं ना! तशीच ती करीमभाईकडे वळली. त्याच्यासमोर भलामोठा ढीग फुलला होता, पांढरा, कुणाचा कुठला ओळखू न येणारा.

"त्या लहान रजईचा कापूस... त्यातच गेला?"

"ना बा," करीमभाईने पिंजण थांबवून बाजूच्या फडक्याकडे बोट दाखवलं. "नाना बच्चानुं रू जुदुं राख्युं छे. मोटानामां भेगुं न कराय." लहान मुलाचा कापूस मोठ्यांच्यात मिसळत नाहीत, हे त्याच्या धंद्यातलं साधं होतं. तिने काही न सांगता त्याने ते पाळलं होतं. फडक्यावर वेगळा, लहानसा ढीग होता, ढगासारखा हलका, पिवळेपणा कुठल्या कुठे गेलेला.

ती खाली बसली आणि त्यात तोंड घालून वास घेतला. करीमभाई बघतच राहिला. मग तो हसला, आपल्या कामाचं कौतुक होतंय असं वाटून. "कशुं ना रहे, बा. पिंजाय एटले नवुं. जूनुं बधुं उडी जाय."

काही राहत नाही. पिंजलं की नवं. जुनं सगळं उडून जातं.

तीन वाजता करीमभाई तिन्ही मोठ्या रजया भरून, टाके घालून गेला. लहान खोळीची शिवण अजून ओलसर होती. ती घरीच भरीन म्हणून चारूने ठेवून घेतली. आत्याबाई डिंकाचे लाडू वळत होत्या, तुपाचा वास अंगणापर्यंत येत होता. मानमोडीच्या घरातलं अंथरूण, चारू मनाशी म्हणत होती, ते खरं तर तेव्हाच जाळायला हवं होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणे. पोरीच्या तब्येतीसाठी केलं मी. हे सांगता येईल. किंवा उंदीर. किंवा सगळ्या. तिन्ही चांगली होती, तिन्ही चालली असती. पोर लहान होती, तिने मानलं असतं, आणि पुन्हा वेणी घालायला समोर बसली असती. त्या खोटेपणात थोडीसुद्धा फट राहिली नसती, खळ लावून बुजवलेल्या खिडकीसारखी. पण ती उठली.

रावपुऱ्याच्या टॉवरचे चार ठोके पडले तेव्हा ती अंगणात गुडघ्यांवर बसून केस शोधत होती.

फरशीच्या फटी, तुळशीचा कट्टा, न्हाणीची मोरी. जागोजाग कापसाचे पुंजके, त्यांना चिकटलेली धूळ, सरकीचे काळे दाणे. कुठे पुसलं होतं मी बोट? इथे की तिथे? सकाळी ऊन त्या बाजूला होतं... मथुराबाई, जरा दाखवा ना. असं ती खरंच म्हणाली, पुटपुटत का होईना, आणि आपण तिला पहिल्यांदाच हाक मारली हे तिच्या ध्यानात आलं. आणि मग मोरीच्या तोंडाशी, ओल्या फरशीला चिकटून, सापडला. लांब, काळा. तिचा जीव भांड्यात पडला. तिने तो हलकेच सोडवला, सरळ केला, खांद्यापर्यंत मोजला, वर चार बोटं... आणि तिचे हात थांबले. दिवसभर वाकून वाकून तिचा अंबाडा सुटला होता. वेणी खांद्यावरून पुढे आली होती. तिने केस वेणीशेजारी धरला. तेवढाच लांब. तसाच काळा. तिचा असेल, किंवा माझा. सांगता येईना. किती वेळ बघितलं तरी सांगता येईना.

तिने तो पदराच्या टोकाला बांधला आणि खोळ, कापूस, सुई-दोरा घेऊन ओट्यावर बसून राहिली. सुईत दोरा ओवला नाही. पाच वाजून गेले.

गल्लीतून पावलं आली, मग कडी वाजली. अहल्या आत आली, दप्तर खांद्यावर, वेणीची फीत सुटलेली. तिने दोरीकडे पाहिलं, भरलेल्या तीन रजयांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग चारूच्या मांडीवर. आत्याबाई लाडवाचं तूप हाताला तसंच ठेवून दारात आल्या होत्या. "आलीस का गं बाय? अगं, काय झालं माहीत आहे, त्या मेल्या उंदराने..."

"उंदीर नव्हता, आत्याबाई."

आवाज आपलाच आहे हे चारूला ओळखायला क्षण लागला. पोरीकडे बघायचं, खाली बघायचं नाही. "मी उसवली. कुणी सांगितलं नव्हतं. मुद्दाम उसवली."

अहल्या जवळ आली, नेहमीसारखी, नुसती उभी राहिली.

"तुम्ही बरं म्हणाला होतात."

"हो. म्हणाले होते."

चारूने वाट पाहिली. रडेल, आजीच्या कुशीत जाईल, माझ्या अंगावर हात टाकेल. टाकू दे. काहीतरी करू दे! पोरीने दप्तर खाली ठेवलं. खोळ उचलली, उलटसुलट करून कोपरा शोधला, नाकाशी नेला. दुसरा कोपरा शोधला. तिसरा. मग खोळीचं तोंड उघडून तिने ती डोक्यावरून ओढून घेतली, गुडघ्यांपर्यंत, आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिली. आत काही बोलेल म्हणून चारूने कान दिला. बोलली, पण हळू नाही, थांबत थांबत नाही. सगळ्यांना ऐकू येईल असं, शाळेत विचारलं तर सांगावं तसं.

"आता कुणाचाच वास येत नाही."

चारूचा हात गळ्याशी गेला होता. टाक गार लागला. अंगाला लागून असतो तो, गार कसा असेल... पण गार होता, चांदीचा तुकडा असतो तसा, त्यावर नाकडोळ्यांच्या जागी ठिपके. सात महिने तिने ही बाई गळ्यात वागवली, तिला लुगडी दाखवली, तिच्या ओठांना करंज्या लावल्या, तिच्यावर जळली, आज तिला हाकसुद्धा मारली. आणि मथुरा मेली आहे, सव्वीस वर्षांची बाई, एवढ्या लांब केसांची, आपल्या पोरीसाठी बारीक टाके घालणारी, ती मेली आहे, हे तिला आत्ता कळलं. बाकीच्यांचं रडून वर्ष झालं होतं. तिला आज खबर लागली. कुणाला तरी धरून सांगायला हवं होतं, की अगं, ती गेली गं... पण हे ज्याला सांगावं असं माणूस अंगणात एकच होतं, आणि ते त्या ओलसर खोळीच्या आत उभं होतं.